सेकंड इयर एमबीबीएस : वाचलेला प्रत्येक आजार आपल्यालाच झालाय असं वाटतं

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार. मी एका सरकारी मेडिकल कॉलेजात सेकंड इयरला आहे. आरोग्य विभागातले जुने धागे चाळले, पण नेमकं हे कुठे सापडलं नाही, म्हणून नवीन धागा काढतेय.

फर्स्ट इयरला काही त्रास नव्हता. अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री हे सगळं निरोगी शरीराबद्दलच असतं. सेकंड इयरला पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी आणि फार्मॅक, म्हणजे आजार, जंतू आणि औषधं, आलं, सकाळची वॉर्ड पोस्टिंग्ज सुरू झाली आणि तिथून माझं बिनसलं. निओप्लाझियाचं (गाठी आणि कॅन्सर) युनिट चालू असताना मानेला, जबड्याखाली एक गाठ लागली. लहान आहे, बोटाखाली सरकते. पण हात सारखा तिथेच जातो. लेक्चरला, मेसमध्ये, झोपेतून जाग आली तरीसुद्धा. मग मेडिसिनच्या वॉर्डात मोटर न्यूरॉन डिसीजचे (नसांचा आजार, यात स्नायू झिजत जातात) एक काका बघितले. त्यांच्या दंडाचे स्नायू कातडीखाली आपोआप फडफडत होते. त्याच रात्री माझी पोटरी फडफडली. आता दिवे बंद झाले की मी मोबाईलचा टॉर्च लावून पोटरीकडे बघत बसते.

सीबीसी (रक्ताची तपासणी), ईसीजी, मानेची सोनोग्राफी सगळं झालंय, सगळं नॉर्मल. रिपोर्ट हातात आला की थोडे दिवस बरं वाटतं. मग वाटायला लागतं की ज्या रेसिडेंटने सोनोग्राफी केली ती चोवीस तास ड्यूटीवर होती, तिने घाईत बघितलं असेल. एका सरांशी बोलले तर म्हणाले, "सगळ्यांना होतं हे, अभ्यास कर." पण अभ्यासाला बसलं की वाढतं, हाच तर प्रश्न आहे. प्रिलिम तोंडावर आलीय आणि पुस्तक उघडायची धडकी भरते. घरी सांगितलेलं नाही.

हे आपोआप जातं का? आणि समजा खरंच काही असेल, तर ते कसं ओळखायचं?

कासवगती

रानजाई, मी फायनल इयरला आहे. तू एकटी नाहीस, हे आधी सांगतो. आमच्या बॅचमधल्या एकाला आंघोळ करताना छातीच्या खाली मधोमध, पोट सुरू होतं तिथे कडक गाठ लागली. पोटाचा कॅन्सर म्हणून तो रात्रभर जागा होता. सकाळी सिनिअरने स्वतःच्या छातीवर तीच जागा दाबायला सांगितली. झिफिस्टर्नम, म्हणजे छातीच्या हाडाचं खालचं टोक! फर्स्ट इयरला तेच हाड हातात धरून त्याने व्हायवा (तोंडी परीक्षा) दिली होती.

दुसरी जागा म्हणजे जिभेचं मूळ. आरशासमोर जीभ पूर्ण बाहेर काढली की मागे मोठे दाणे ओळीने दिसतात. सर्कमव्हॅलेट पॅपिली, ८ ते १२ असतात, सगळ्यांना असतात. पण तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट बघून आलेल्या माणसाला ते सुचत नाही. यात हसण्यासारखं काही नाही. भीती वाटते तेव्हा अक्षरशः जीव टांगणीला लागलेला असतो.

स्पष्टमत

मन चिंती ते वैरी न चिंती. आमच्या वेळी वॉर्डात इतकं काम असायचं की असले विचार करायला सवड नव्हती. सकाळी लवकर उठा, प्राणायाम करा, मोबाईल बाजूला ठेवा. आताच्या पिढीला प्रत्येक गोष्टीचा आजार करायची सवय लागलीय.

आकडेमोड

स्पष्टमत, प्राणायाम आणि झोपेबद्दल सहमत. "आताची पिढी" याबद्दल नाही. जॉर्ज लिंकन वॉल्टन या बोस्टनच्या न्यूरॉलॉजिस्टनी १९०८ मध्येच लिहून ठेवलंय की जो आजार शिकतोय तोच आपल्याला झालाय या धास्तीने विद्यार्थी शिक्षकांकडे सतत येतात. १९६० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेत यावर रीतसर अभ्यास झाले, त्यांत बहुतेक विद्यार्थ्यांनी असं होतं असं सांगितलं. पुढे २००४ मध्ये ब्रिटनमध्ये मेडिकलच्या मुलांची तुलना इतर शाखांच्या मुलांशी केली, तेव्हा मेडिकलची मुलं जास्त चिंता करणारी निघाली नाहीत. मला यातून एवढंच कळतं की तात्पुरती धास्ती पुष्कळांना वाटते आणि विरून जाते. पण ज्यांची विरत नाही त्यांना "सगळ्यांना होतं" म्हणून परत पाठवणं चूक आहे. रानजाईचं दुसऱ्या प्रकारात मोडतं असं वाटतं.

मी कम्युनिटी मेडिसिनला पीजी करतोय, त्यामुळे माझ्या विषयातलं थोडं सांगतो.

पहिली गोष्ट वॉर्डाची. मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात जे पेशंट दिसतात ते प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय अशा गाळण्यांतून खाली आलेले असतात. त्यातही शिकवायला निवडतात ते ठळक लक्षणं असलेले. डोकं दुखतं म्हणून गावात क्रोसिन घेऊन बरी झालेली हजारो माणसं आपल्याला कधीच भेटत नाहीत. भेटतो तो एक, ज्याच्या डोक्यात ट्यूमर निघाला. मेंदू गणित करतो ते त्या एकावरून. मोटर न्यूरॉन डिसीज वर्षाला लाखात साधारण दोघांना होतो, तोही बहुतेक पन्नाशी-साठीच्या आसपास. पोटरी किंवा पापणी फडफडणं मात्र जागरण, चहा-कॉफी, परीक्षा यांनी कुणालाही होतं. त्या काकांच्या हातातली ताकद गेली होती ना? स्नायू झिजले होते ना? निदान त्यावर उभं असतं. नुसत्या फडफडीवर ते कुणी करत नाही.

दुसरी गोष्ट रिपोर्टांची. लॅबची नॉर्मल रेंज बहुतेकदा निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरवतात. म्हणजे एका तपासणीत १०० धडधाकट माणसांपैकी ५ जण रेंजच्या बाहेर जाणारच. आता एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एकदम केल्या, तर सगळ्या रेंजमध्ये येण्याची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ३६ टक्के. उरलेल्या ६४ टक्के निरोगी लोकांच्या कागदावर निदान एक तरी आकडा ठळक अक्षरात छापून येतो. म्हणून "एकदा सगळं करूनच टाकू" या विचाराने फुल बॉडी पॅकेज घेऊ नकोस. शंका मिटण्याऐवजी नवीन शंका पदरात पडते.

दवबिंदू

आकडेमोड, ९५ टक्क्यांचं गणित पहिल्यांदाच इतकं नीट कळलं. प्रतिसाद जपून ठेवलाय.

डॉ. सह्याद्री

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या गावी प्रॅक्टिस करते. मेडिकलची मुलं-मुली दरवर्षी याच तक्रारी घेऊन येतात, बहुतेक सेकंड इयरची.

रानजाई, तुझ्या पोस्टमधलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे : रिपोर्ट नॉर्मल आला की थोडे दिवस बरं वाटतं आणि मग शंका परत येते. सारं घोडं तिथेच पेंड खातं. तपासलं की भीती उतरते, म्हणून मेंदू तपासणं शिकतो. पुढच्या वेळी शंका आली की तो तेच मागतो आणि प्रत्येक वेळी थोडं जास्त मागतो. आधी हात लावून बघणं, मग मैत्रिणीला विचारणं, मग सोनोग्राफी, मग दुसऱ्या रेडिऑलॉजिस्टकडून सोनोग्राफी. "मला काहीही झालेलं नाही" याची शंभर टक्के हमी कुठलीच तपासणी देत नाही. तुलाही कुणी देऊ शकणार नाही आणि मलाही. उपचाराचा गाभा हाच आहे की त्या हमीशिवाय जेवता, झोपता, वाचता येऊ लागणं.

गाठीचं सांगायचं तर जबड्याखाली एक सेंटीमीटरपेक्षा लहान, सरकणाऱ्या लिम्फ नोड (जंतूंशी लढणाऱ्या नेहमीच्या ग्रंथी) तरुण माणसांत सर्रास लागतात. दिवसभर दाबत राहिलं तर तिथे दुखायला लागतं आणि मग ते दुखणंच नवीन लक्षण होऊन बसतं.

भीतीच्या भरात होणारं आणखी एक, जे तू फिजिओलॉजीत शिकलीच आहेस. घाबरल्यावर श्वास भराभर होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, रक्त अल्कलाइन बाजूला झुकतं, मोकळं कॅल्शियम अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला जास्त चिकटतं आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात. छातीत धडधड, घशात गोळा अडकल्यासारखं, हातपाय गार. ही लक्षणं खरी असतात, कल्पनेतली नसतात. फक्त ती भीतीने आलेली असतात. "तुझ्या मनाचे खेळ आहेत" असं म्हणणाऱ्यांना हे कळत नाही.

घरी काय करायचं. हात मानेकडे गेला की "आता नाही, पंधरा मिनिटांनी" असं म्हणायचं आणि घड्याळ बघायचं. अस्वस्थता चढेल, असह्य वाटेल आणि मग स्वतःहून उतरायला लागेल. तिला स्वतःहून उतरू देणं हेच काम. पंधरा मिनिटं जमली की तास, मग संध्याकाळपर्यंत. टॉर्चचंही तसंच, मोबाईल पलंगापासून लांब ठेवायचा. मैत्रिणींना सांगून ठेव की "मला काही झालं नाही ना?" असं विचारलं तर उत्तर द्यायचं नाही, विषय बदलायचा. त्यांना हे निष्ठुर वाटेल, तरी. एक वही कर. भीती काय म्हणते, ती आत्ता किती टक्के खरी वाटते आणि आठवड्याने काय झालं, एवढं लिही.

पुस्तक टाळू नकोस. टाळलं की भीतीला वाटतं तिचं बरोबर होतं. पण क्लिनिकल फीचर्सच्या यादीपाशी थांबून स्वतःला तपासणं बंद. त्या ठिकाणी मुद्दाम हे वाच : हा आजार कुठल्या वयात होतो, किती जणांना होतो, पहिली तक्रार काय असते, निदान कशाने पक्कं होतं. व्हायवाला नेमकं हेच विचारतात.

एवढं करूनही झोप, जेवण, अभ्यास सावरत नसेल तर माझ्यासारख्या कुणाला तरी भेट. कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपीचा (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारा, बोलण्यातून होणारा उपचार) याला चांगला उपयोग होतो. गरज पडली तर एसएसआरआय गटातली, चिंता कमी करणारी औषधं देतो. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्यांचं व्यसन लागत नाही. हॉस्टेलच्या मुलांना मात्र एक कळकळीने सांगते : सिनिअरच्या चिठ्ठीवर अल्प्राझोलाम (झोप आणणारी, चिंता दाबणारी गोळी) आणून घेऊ नका. त्याने तेवढी रात्र निघते आणि सवय लागते.

लाल_मफलर

डॉक्टरांशी सहमत, पण एक बाजू मांडायलाच हवी, कारण ती माझ्यावर बेतलीय.

इंटर्नशिपच्या आधी मला संध्याकाळी कणकण यायची, श्वास घेताना एका बाजूला दुखायचं, पँट सैल होत चालली होती. ज्या सिनिअरला सांगितलं तो म्हणाला, "टीबी वॉर्डला पोस्टिंग आहे ना तुझी? मेडिकल स्टुडंट सिंड्रोम." हे मला इतक्या जणांनी ऐकवलं की शेवटी धाप लागल्यावर एक्स-रे झाला. प्लुरल इफ्यूजन, म्हणजे फुप्फुसाभोवती पाणी. टीबीच. सहा महिने औषधं घेतली, आता ठणठणीत आहे.

आपण ज्या देशात शिकतो तिथे टीबी हा आपल्या कामाचाच धोका आहे. त्यामुळे "मेडिकलच्या मुलांना असं वाटतंच" हे वाक्य कुणालाही फेकून मारू नका. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, आपोआप घटणारं वजन यातलं काही असेल तर थुंकी आणि एक्स-रे. त्याची लाज वाटायचं कारण नाही. आणि पेशंटला वापरलेली सुई टोचली तर तिथे धीर धरण्याचा प्रश्नच येत नाही. जागा साबण-पाण्याने धुवायची आणि थेट कॅज्युअल्टी गाठायची. एचआयव्हीचं पीईपी (लागण टाळायची औषधं) शक्यतो दोन तासांच्या आत आणि उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू व्हायला हवं, मग २८ दिवस. हिपॅटायटिस बीचे ०, १, ६ महिन्यांचे तीन डोस झालेत का ते आत्ताच बघा. माझ्या बॅचमध्ये तिसरा डोस राहिलेले पुष्कळ होते.

डॉ. सह्याद्री

लाल_मफलर, बरं झालं लिहिलंत. तुमच्या बाबतीत जे झालं ते चुकीचंच झालं. दोन्हींतला फरक ठळक आहे : तुमच्या तक्रारी आठवड्यागणिक एकाच दिशेने वाढत होत्या आणि वजनाचा काटा साक्षीला होता. भीती मात्र जागा बदलते. आज मान, उद्या पोटरी, वॉर्ड बदलला की अवयव बदलतो. दोन सेंटीमीटरच्या वरची, कडक किंवा वाढत जाणारी गाठ, कॉलरबोनच्या वरची कुठलीही गाठ, खरोखर कमी होणारी ताकद, वजन, ताप. यांना डॉक्टरकडे जायचंच. फक्त निर्णय स्वतः घ्यायचा नाही, कुणा एकावर सोपवायचा.

टेम्सकाठी

"कुणा एकावर" याला जोरदार अनुमोदन. मी महाराष्ट्रातून एमबीबीएस करून सध्या इंग्लंडमध्ये ट्रेनिंग करतोय. इथल्या जनरल मेडिकल कौन्सिलचं डॉक्टरांना सांगणंच आहे की आपल्या घरच्या नसलेल्या जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदवा आणि स्वतःवर उपचार करणं टाळा. सुरुवातीला मला हे जाचक वाटायचं. आता त्याचं मोल कळतं. माझी शंका कुठे न्यायची हे ठरलेलं आहे आणि तपासणी हवी की नको हे तिथे दुसरं कुणीतरी ठरवतं.

आपल्याकडे हॉस्टेलवर उलट होतं. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत मित्र ड्यूटीवर आहे, चल ईसीजी काढू. लॅबमध्ये ओळख आहे, थायरॉइड लावून दे. केसपेपर नाही, हिस्टरी नाही, कुणी पोट तपासत नाही. सगळे प्रेमाने करतात आणि नेमकी त्यामुळेच डॉ. सह्याद्रींनी सांगितलेली ती सवय फोफावते. रानजाई, तुझ्या कॉलेजात तुला विश्वास वाटतो असा मेडिसिनचा एखादा असिस्टंट प्रोफेसर किंवा बाहेरचा फॅमिली डॉक्टर निवड. रीतसर केसपेपर काढ. नवीन तक्रार आली की वहीत लिही आणि लाल_मफलरने सांगितलेल्या गोष्टी सोडल्या तर पुढच्या ठरलेल्या भेटीतच दाखव. मधल्या काळात कुणाकडूनही फुकटची तपासणी नाही.

अंगणवेल

मी डॉक्टर नाही, एका मेडिकलच्या मुलीची आई आहे. रानजाई बाळा, आईला सांग. आम्ही हादरतो ते पोरं महिनोन्‌महिने एकटी झुरली हे मागाहून कळल्यावर. माझ्या लेकीने फोनवर "मला टेन्शन आहे" एवढंच म्हटलं असतं तर मी "परीक्षेचं असेल" म्हणून विषय संपवला असता. तिने नीट सांगितलं : "आई, मला आजार झाल्याची भीती वाटते, आजार झालेला नाही, आणि मी डॉक्टरांना दाखवणार आहे." हे वाक्य असंच्या असं म्हण. त्यात भीतीही आहे आणि तू काय करणार आहेस तेही आहे. आणि आईला हेही सांग की रोज फोनवर "आज गाठ कशी आहे?" असं विचारू नकोस. मी विचारायचे. डॉक्टरांनी थांबवलं, तेव्हा लेकीला मोकळं वाटलं.

स्पष्टमत

डॉ. सह्याद्री आणि लाल_मफलर, दोघांचे प्रतिसाद दोनदा वाचले. सवय सोडायची पद्धत असते हे मला माहीत नव्हतं. रानजाई, तुला शुभेच्छा.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. वही केलीय. पंधरा मिनिटं जमतायत, तासभर अजून जमत नाही. अंगणवेल काकू, आईला तुमच्याच वाक्यात सांगितलं. ती रडली नाही. येत्या रविवारी येते म्हणाली.

एक अडचण आहे. आमच्याच कॉलेजच्या सायकिॲट्रीच्या ओपीडीत गेले तर पुढे तेच सर परीक्षेला असतील. डिपार्टमेंटमधून बातमी फुटली तर? माझ्या रूममेटला हीच भीती वाटते म्हणून ती जात नाही.

डॉ. सह्याद्री

रास्त प्रश्न. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार तुझी माहिती गोपनीय ठेवणं उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. तुझ्या परवानगीशिवाय ती कॉलेजला देता येत नाही, कायद्यात मोजके अपवाद आहेत तेवढे सोडून. पण कायदा असला तरी संकोच राहतोच, तेव्हा दुसरीकडे जायला काहीच हरकत नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार ओपीडी असते, खाजगी डॉक्टर असतात. आणि पहिलं पाऊल म्हणून टेलिमानस आहे : १४४१६, केंद्र सरकारची मोफत सेवा, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. रूममेटलाही हा नंबर दे. कधी जगणंच नको वाटलं तर ओपीडीच्या वाराची वाट बघायची नाही. त्याच क्षणी हा नंबर लावायचा किंवा कुणाला तरी सोबत घेऊन कॅज्युअल्टीत जायचं.

जाताना वही ने. जुन्या रिपोर्टांची फाईल ने, पण नवीन तपासणी आपणहून मागू नकोस. सुरुवात कुठून करायची सुचलं नाही, तर या धाग्यातली तुझी पहिली पोस्ट वाचून दाखव, पुरेशी आहे.

रानजाई

जिल्हा रुग्णालयाची ओपीडी गुरुवारी असते असं कळलं. रूममेट म्हणाली मीही येते, दोघींचे केसपेपर काढू. त्या दिवशी सकाळी मायक्रोचं प्रॅक्टिकल बुडेल, तेवढं बॅचच्या सीआरला (वर्गप्रतिनिधीला) सांगून ठेवते.